लग्नाला फक्त शेट

"बाबा, शनिवारी सकाळी शेटला तयार ठेवा. गाडी येईल न्यायला," चिमी फोनवर म्हणाली.

सोफेवाल्यांच्या ओठांत तेव्हा चार-पाच खिळे धरलेले होते. एका खुर्चीच्या पाठीला नवं कापड चढवायचं काम चाललं होतं. त्यांनी खिळे हातावर काढले आणि विचारलं, "कुठं न्यायला?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

"बाबा, उगाच वेड पांघरू नका. माझ्या."

मुलीचं लग्न शनिवारी आहे हे सोफेवाल्यांना ठाऊक होतं. ते गावाबाहेरच्या टेकडीवर, उघड्या पठारावर व्हायचं आहे, हेही ठाऊक होतं. आपल्याला बोलावणं नाही, हे तर चांगलंच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की घरातल्या कुत्र्याला आहे.

"म्हणजे बाप नको आणि कुत्रं पाहिजे," ते म्हणाले.

"शेट कुणाशी भांडत नाही," चिमी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सोफेवाल्यांनी खिळे परत तोंडात टाकले आणि हातोडी जरा जोरातच चालवली.

भांडणाचं कारण साधंच होतं. सोफेवाल्यांना दोन मुलं. थोरला मुलगा आणि धाकटी चिमी. थोरल्यानं दुकान पुढं चालवावं, ही त्यांची इच्छा होती. पण त्याचा जीव फोम आणि स्प्रिंगांमध्ये कधी रमला नाही. त्यानं खिडक्यांना काचा बसवायचा धंदा धरला आणि तो बरा चालवला. सोफेवाल्यांनी हे मनाला लावून घेतलं. थोरल्याच्या लग्नात, भरल्या मांडवात, ते मोठ्यानं म्हणाले, "बापाचं दुकान ज्याला सांभाळता आलं नाही, तो संसार काय सांभाळणार! आणि हिनं तरी काय बघून पसंत केला कुणास ठाऊक!" म्हणाले ते हसत हसत, पण हसलं कुणीच नाही. नवी नवरी मान खाली घालून उभी राहिली.

आठवड्याभरानं दुकानासमोर थोरल्याची गाडी थांबली. सोफेवाल्यांनी लग्नाची भेट म्हणून स्वतःच्या हातानं बनवलेला सोफा त्यानं फुटपाथवर उतरवला आणि तो तसाच निघून गेला. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. सोफा दुकानात आत घेतला गेला आणि त्यावर शेट झोपू लागला. गिऱ्हाइकांनी किंमत विचारली, तर सोफेवाले म्हणत, "मालक झोपलेत. त्यांना विचारा."

चिमीनं दोघांमध्ये पडून पाहिलं, हात टेकले. शेवटी तिनं ठरवलं, की आपल्या लग्नात हा तमाशा नको. दोघांना बोलवावं तर भांडण, एकाला बोलवावं तर दुसऱ्याचा रुसवा. त्यापेक्षा कुणीच नको. ती, नवरा, तीन साक्षीदार आणि नोंदणी अधिकारी, बस. आणि शेट.

शेटला मान मिळायला कारणही तसंच होतं. चिमीचा होणारा नवरा मोजणी खात्यात होता. दोन वर्षांमागे तो दुकानासमोरचा रस्ता मोजायला आला. त्यानं मोजपट्टीचं एक टोक जमिनीवर ठेवलं आणि तो दुसऱ्या टोकाकडे चालू लागला, तोच शेटनं ते टोक तोंडात धरून धूम ठोकली. शेटच्या मागे पट्टी, पट्टीमागे मोजणीदार आणि मोजणीदारामागे ओरडत चिमी, अशी वरात कोपऱ्यापर्यंत गेली. पट्टी सुटली, पण ओळख राहिली. "जुळवलं त्यानं, आणि त्यालाच बोलवायचं नाही?" असं चिमीचं म्हणणं.

कुत्रं खरं तर चिमीचंच. आई आजारी होती त्या वर्षी तिनं ते आणलं, आणि आईच्या पलंगाखालीच ते मोठं झालं. आई गेली. पुढं चिमीला इस्पितळात नोकरी लागली आणि ती तिथं जवळच्या खोलीत राहायला गेली. तिथं कुत्री चालत नव्हती, म्हणून शेट बापाकडे राहिला. "तुझं हे कुत्रं घेऊन जा बाई एकदाचं," असं सोफेवाले दर फोनला म्हणत. पण घरात अहो-जाहो मिळायची ती फक्त त्या कुत्र्यालाच. "शेट, उठा. शेट, बाजूला व्हा. शेट, जेवून घ्या." सुरुवातीला ती थट्टा होती. मग तीच सवय झाली, दोघांचीही.

शुक्रवारी सोफेवाल्यांनी शेटला आंघोळ घातली, नखं कापली, आणि निळ्या मखमलीचा उरलेला तुकडा आतून फोम लावून त्याच्या पट्ट्यावर शिवला. टाके इतके बारीक घातले, की तेवढ्या वेळात एखादी उशी झाली असती. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, तुकडा पडून होता. पण विचारणारं कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. सोफेवाले शेटची दोरी धरून बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. गाडी थोरल्याची होती. मागच्या बाजूला काचा ठेवायच्या उभ्या चौकटी आणि पुढे एकच लांब सीट.

थोरला खाली उतरला. त्यानं शेटकडे बघून सांगितलं, "चिमीच्या मैत्रिणीला ताप आलाय. ती येणार होती न्यायला. साक्षीलाही तीच होती. आता मला बोलावलंय."

"चला शेट," सोफेवाले कुत्र्याला म्हणाले, "तुमची स्वारी आली."

शेटनं गाडीकडे पाहिलं आणि खाली बसकण मारली. थोरल्यानं दोरी ओढली. शेट तसूभर हलला नाही. थोरल्यानं त्याला उचलून सीटवर ठेवलं. शेट दुसऱ्या बाजूनं खाली उतरला आणि सोफेवाल्यांच्या पायावर येऊन बसला. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरला. शेजारचा घड्याळवाला दुकान उघडता उघडता थांबून बघू लागला.

"तो तुमच्याशिवाय येणार नाही," थोरला म्हणाला. दोन वर्षांत बापाला उद्देशून बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"मला बोलावणं नाही."

"वर जाऊ नका. टेकडीखाली गाडीत बसा. पण उशीर होतोय, लवकर ठरवा."

सोफेवाले घरातल्याच कपड्यांत होते, आणि सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटले होते. कपडे बदलायला गेलो तर आपल्यालाच जायची हौस होती असं दिसेल, म्हणून ते तसेच गाडीत चढले. त्याबरोबर शेटनंही शहाण्यासारखी उडी मारली आणि तो दोघांच्या मधोमध बसला.

गाव मागे पडलं. मग सोफेवाले म्हणाले, "शेट, यांना सांगा, गाडी जरा हळू घ्या. तुम्हाला मळमळतं."

"शेट," थोरला म्हणाला, "त्यांना सांग, दहाला पोचायचंय. अधिकाऱ्यांना पुढं दुसरं लग्न आहे."

"शेट, यांना सांगा, वळणावर तरी."

शेटनं कुणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या वळणावर त्यानं मान खाली घातली आणि सकाळचं सगळं खाणं थोरल्याच्या इस्त्रीच्या पँटवर उलटून टाकलं.

थोरल्यानं कचकन ब्रेक दाबला, दार उघडलं आणि तो खाली उडी मारून पँट झटकू लागला. "सांगितलं होतं," सोफेवाले म्हणाले आणि फडकं शोधायला वाकले. नेमका तेव्हाच बाजूनं एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला. शेट दचकला आणि उघड्या दारातून बाहेर पडून पळत सुटला. दोरी हातात घ्यायची कुणाला आठवणच राहिली नव्हती.

रस्त्याकडेला बांधकामाचं सामान ठेवायचं एक मोठं आवार होतं. विटांचे ढीग, सळया, आणि एकावर एक रचलेले सिमेंटचे पाइप. शेट त्यांच्यात कुठंतरी शिरला. बाप एका बाजूनं आणि लेक दुसऱ्या बाजूनं हाका मारत फिरू लागले. सोफेवाले प्रत्येक पाइपात वाकून बघत होते. कुत्रं म्हातारं, त्यात रस्त्यावर ट्रकांची ये-जा. चिमीला काय तोंड दाखवायचं, हा एक विचार. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, त्याहून मोठा, की संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आपण बोलायचं कुणाशी.

"इथं आहे!" थोरला ओरडला.

तळाच्या एका लांब पाइपात, अगदी मध्यावर, शेट अंग चोरून बसला होता. अंधारात नुसते डोळे चमकत होते. थोरला गुडघ्यांवर बसला. "शेट, ये. ये बाहेर. अरे ये ना!" शेटनं तोंड दुसरीकडे वळवलं. थोरला आत शिरला, कोपरांवर सरकत कमरेपर्यंत गेला, आणि खांद्यांशी अडकला. पाइपात खाली चिखल होता.

"बाबा, हात पोचत नाही. मी ओरडतोय तर तो आणखी मागे सरकतोय."

"तू त्याला 'ये' म्हणतोयस."

"मग काय म्हणू?"

"'या' म्हण. त्याला एकेरीची सवय नाही."

मग आतून थोरल्याचा घुमणारा आवाज आला, "शेट, या. बाहेर या शेट. मेहरबानी करा." आणि मग त्याचं त्यालाच हसू आवरेना. पाइपामुळे ते हसणं दसपट मोठं होऊन बाहेर आलं. सोफेवाल्यांनी पोराचं हसणं इतक्या दिवसांनी ऐकलं, की क्षणभर ते कुणाचं आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग तेही हसत सुटले.

शेट डुलत डुलत पुढं आला आणि त्यानं थोरल्याचं नाक चाटलं. थोरल्यानं पट्टा पकडला. "पकडला! आता मला ओढा." सोफेवाल्यांनी पोराचे दोन्ही पाय धरून त्याला ओढून काढलं, सोफ्याच्या सांगाड्यातून जुनं कापड ओढावं तसं. तिघंही चिखलानं माखले होते. निळी मखमल कोणत्या रंगाची होती, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

टेकडीच्या पायथ्याशी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. सोफेवाले ठरल्याप्रमाणे गाडीत बसून राहिले. थोरला शेटला घेऊन दहा-बारा पावलं गेला आणि शेटनं पुन्हा बसकण मारली.

"बाबा, चला आता," थोरला वळून म्हणाला. "मानपान मग बघू."

पठारावर वारा होता आणि गवत गुडघ्याएवढं. एका झाडाखाली घडीचं टेबल मांडलं होतं, त्यावरचे कागद उडू नयेत म्हणून दगड ठेवले होते. अधिकारी घड्याळ बघत उभे होते. चिमीनं फिक्या पिवळ्या रंगाचे साधे कपडे घातले होते आणि तिच्या शेजारी मोजणीदार, त्याच्या शेजारी त्याच्या ऑफिसातले दोघे साक्षीदार. चढावरून आधी शेट दिसला, मग थोरला, मग सोफेवाले.

चिमीचा चेहरा पडला. "मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली. मग तिला त्यांचे कपडे दिसले. "काय केलंत हे? मारामारी?"

"नाही गं," थोरला म्हणाला. "शेट पाइपात शिरला होता."

"कुत्रं गाडीत चढेना माझ्याशिवाय," सोफेवाले म्हणाले. "मी लांब उभा राहतो. तुम्ही उरका."

"तिसरा साक्षीदार कोण?" अधिकारी म्हणाले. "मला पुढं जायचंय."

थोरला पुढं झाला, आणि थांबला. त्यानं मागे पाहिलं. "बाबांना करू दे सही," तो चिमीला म्हणाला. "मी काय, नुसता गाडी घेऊन आलो."

चिमीनं बापाकडे पाहिलं. सोफेवाल्यांनी सदऱ्याला हात पुसले.

"ओळखपत्र?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सोफेवाल्यांनी खिसे चाचपले. एका खिशात सुतळीचा गुंडा होता, दुसऱ्यात खडू. पाकीट घरी, टेबलावर. घरातून ते फक्त कुत्रं हवाली करायला निघाले होते.

"नाही," ते म्हणाले.

"मग चालणार नाही."

थोरल्याकडे गाडीचं लायसन्स होतं. त्यानं सही केली. सोफेवाले झाडाच्या पलीकडे दोरी धरून उभे राहिले. वाईट वाटलं, पण त्यात कुणाचा दोष काढता येत नव्हता, आणि दोष काढता येत नसला की सोफेवाल्यांना काय करावं ते सुचत नसे.

अधिकाऱ्यांनी नवरा-नवरीला समोरासमोर उभं केलं आणि मजकूर वाचायला सुरुवात केली. एकेक वाक्य ते वाचायचे आणि दोघांनी म्हणायचं. चिमीचा आवाज वाऱ्यात कानावर पडला मात्र, शेट उठला. सोफेवाल्यांनी दोरी आवळली. शेटनं ओढ घेतली. म्हातारं असलं तरी अंगापिंडानं दांडगं कुत्रं ते. सोफेवाले एक पाऊल गेले, दोन गेले, टाचा रोवून पाहिल्या, गवतावरून घसरले, आणि शेवटी फरफटत टेबलाशी येऊन पोचले. शेट चिमीच्या पायांवर जाऊन बसला, चिखलासकट.

अधिकारी वाचायचे थांबले. "कुत्र्याला मागे घ्या."

"शेट, उठा," सोफेवाले दबक्या आवाजात म्हणाले. "शोभतं का हे?" शेट हूं की चूं करेना.

चिमीनं खाली पाहिलं. कपड्यांच्या पिवळ्या काठावर चिखलाचे पंजे उमटले होते. मग तिनं वर, बापाकडे पाहिलं. त्यांच्या एका कानामागे गवताची काडी अडकली होती.

"राहू द्या," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "दोघांनाही राहू द्या इथंच."

तेव्हा मुलीचं लग्न सोफेवाल्यांनी हाताच्या अंतरावरून पाहिलं. मोजणीदार एका वाक्यात अडखळला आणि चिमीनं ते हळूच सांगितलं, तेही त्यांना ऐकू आलं.

अधिकारी गेल्यावर सगळे गवतावर बसले. चिमीनं घरी भाजलेला केक आणला होता, तो कापला. पाचजणांपुरता आणलेला सातजणांत वाटला. शेटनं स्वतःचा तुकडा खाऊन मोजणीदाराचाही पळवला. मोजणीदार म्हणाला, "बाबा, तुम्हाला एक आनंदाची बातमी द्यायचीय. आमच्या नव्या घराला अंगण आहे. कुंपण कालच पुरं झालं."

"हो," चिमी म्हणाली. "तुम्ही कधीपासून मागे लागला होता ना. शेटला आम्ही आजच घेऊन जातो. सुटलात तुम्ही."

सोफेवाल्यांच्या हातातला केक हातातच राहिला. वर्षानुवर्षं जे तोंडानं मागितलं, ते आता समोर आलं होतं. "बरं झालं" म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. मग पाइपांच्या आवारात ऊर फुटेस्तोवर मारलेल्या हाका आठवल्या.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"नेऊ नकोस त्याला. मला करमणार नाही." आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मी बोलत आलो ते नुसतं बोलणं होतं. दिवसभर ठोकाठोकी असते, काही वाटत नाही. पण संध्याकाळी घरात कुणी नसतं गं."

थोरला गवताची पाती उपटत बसला होता, तो उपटायचा थांबला.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" चिमी म्हणाली. ओरडायचं तिनं ठरवलं होतं, पण आवाज चढेना. "महिनाभर हा माणूस कुंपणाला खांब रोवतोय."

"खांब कुठं जात नाहीत," मोजणीदार म्हणाला. "शेट रविवारी येतील. बाबांना घेऊन."

तसं ठरलं. टेकडी उतरताना शेट थकला आणि अर्ध्या वाटेत बसला. बाप-लेकांनी त्याला आळीपाळीनं उचललं. ज्याच्याकडे कुत्रं, त्याला बोलायला दम नसे. त्यामुळे दुसऱ्याला बोलायला बरं पडे. थोरला म्हणाला, की आता मोठ्या इमारतीचं काम मिळालंय, दोन माणसं ठेवलीत. सोफेवाल्यांनी विचारलं, काचा कापताना हातमोजे घालतोस ना. थोरला म्हणाला, घालतो.

गाडीजवळ आल्यावर सोफेवाल्यांनी शेटला आत बसवलं आणि ते दार धरून उभे राहिले.

"सूनबाई घरी असेल का आत्ता?"

"असेल. का?"

"तिच्याशी बोलायचंय. तुझ्याशी नंतर बोलेन. आधी तिच्याशी."

थोरल्यानं बापाकडे नीट बघितलं. "ती सोडायची नाही तुम्हाला," तो म्हणाला. "माझ्यासारखी नाही ती. तोंडावर विचारेल."

"विचारू दे."

थोरल्याचं घर सोफेवाल्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिसरा मजला, दाराशेजारी लाल फुलांची कुंडी. सुनेनं दार उघडलं. समोर चिखलानं भरलेला नवरा, चिखलानं भरलेला सासरा आणि त्याहून भरलेलं कुत्रं. ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

सोफेवाल्यांनी जिन्यात काही वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "तुझ्या लग्नात मी बोललो," ते म्हणाले, "ते दुकानाच्या रागानं बोललो. तुझा त्यात काही संबंध नव्हता. तुला सगळ्यांदेखत खाली बघायला लावलं. वाईट केलं मी."

सून ऐकत राहिली. डोळे तिनं हटवले नाहीत. "दोन वर्षं लागली तुम्हाला हे सांगायला," ती म्हणाली.

"लागली."

"मला विसरता येईल का, ते आत्ता नाही सांगता येणार."

"नको सांगूस."

तिनं शेटकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पँटकडे. दार जरा जास्त उघडलं. "आधी पाय धुवा," ती म्हणाली, "तिघांनीही. बाथरूम डावीकडे. फरशी सकाळीच पुसलीय, पायपुसण्यावरून जा."

तिघेही पायपुसण्यावरून गेले. शेटनं तेवढं ऐकलं नाही. सुनेनं तोंड फिरवून फडकं आणलं आणि चहा ठेवला.